उजवीकडची खिडकी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमनाला घडाभर तेल नको. सोबत माझा खेळ पाठवतोय. बंदराचा आहे. बोटी येतात, त्यांना धक्क्यावर जागा द्यायची, माल उतरवायचा, हवा बिघडायला लागली तर बाहेरच्या बोटी आत घ्यायच्या. खेळ साधाच आहे, पण त्याच्याखालचं इंजिन माझं आहे आणि त्यातल्या विंडो तर ओळ न ओळ माझ्या हातच्या. नकाशाची एक, बोटींच्या यादीची एक, हवामानाची एक. प्रत्येक विंडो माउसने धरून हलवता येते, एकीवर दुसरी ठेवता येते, कोपरा ओढून लहानमोठी करता येते. तू म्हणशील, त्यात काय मोठं, सगळ्याच संगणकांवर होतं. होतं, पण ते दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं. एकावर एक तीन विंडो असताना क्लिक नेमका कोणाच्या पदरात टाकायचा, एवढं ठरवण्यात माझा अख्खा महिना गेलाय.

दोन गोष्टी लक्षात ठेव. विंडो तू जिथे सोडशील ती जागा खेळ लगेच लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी ती तिथेच उघडतो. आणि एस्केपचं बटण दाबून खेळ बंद करायला गेलीस की वर उजव्या कोपऱ्यात एक छोटी विंडो येते: 'खेळ बंद करायचा?' खाली 'हो' आणि 'नाही'. तिला उत्तर दिल्याशिवाय बाकी सगळं ढिम्म. कितीही क्लिक करा, काही हलणार नाही. ही माझी सगळ्यांत लाडकी, कारण हिनेच मला सगळ्यांत जास्त छळलंय.

काही बिघडलं तर लिहून कळव, फोन करू नकोस. फोनवर तुझं वाक्य संपायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा होतो, हे तूच म्हणतेस. शिवाय पलीकडे मामा बसलेले असणार आणि माझं नाव निघालं की त्यांचं तोंड कडू होणार.

एक मनातलं सांगतो. हा खेळ तुझ्याकडे नीट चालला, तर तो घेऊन मी घरी येणार आहे आणि मामांसमोर बसणार आहे. नाही चालला तर नाही. तेव्हा दयामाया न दाखवता तपास.

मामा बरे आहेत ना? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

तुझा
खटपट्या


९ फेब्रुवारी

खटपट्या,

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायच्या, वरचे दात खालच्या दातांवर बसतात का बघायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्या खिडक्या एकमेकींवर बसतात का बघायचं, असं माझं चाललंय. नखांतलं प्लास्टर निघत नाही, त्यामुळे माउस पांढरा झालाय. पण खेळ आवडला. काल एक तेलाची बोट मी अशी धक्क्याला लावली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

आता तक्रार. माझी मांडणी तुला माहीत आहे. नकाशा मधोमध, यादी उजवीकडे, हवामान खाली उजवीकडे, सगळं कसं काटकोनात. तशीच ठेवून मी रोज खेळ बंद करते, संगणक बंद करते, झोपते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बघते तर सगळ्या खिडक्या डाव्या बाजूला, वाळत घातलेले कपडे घाईने उचलून पलंगावर टाकावेत तशा. नकाशा तर ताणून एवढा मोठा केलेला की यादी त्याच्याखाली गुदमरलेली. आणि गंमत म्हणजे संगणक चालूच असतो, फक्त स्क्रीन बंद. बटण दाबलं की आत तुझी लाडकी उभी: 'खेळ बंद करायचा?' मी बंद करूनच गेले होते रे.

तुझ्या मामांचं म्हणशील तर बाबा बरे आहेत, त्यांचा पारा सोडून. शाळेच्या व्हॅनचा उजवा आरसा फुटला. बाबा म्हणतात, कोणीतरी फाटकाचा खांब पुढे सरकवला. खांब सिमेंटचा आहे. इतकी वर्षं मुलांना ने-आण करतायत, गाडीवर ओरखडा नव्हता, म्हणून फार लागलंय त्यांना. तुझा खेळ मी लावला तेव्हा पेपरामागून म्हणाले, "बाजारात तयार खिडक्या मिळतात आणि हा आधी झाड लावतोय." स्वतः शब्द टाकून लावून दिलेली स्पेअर पार्टवाल्यांकडची नोकरी तू ह्यासाठी सोडलीस, ते अजून त्यांच्या घशाखाली उतरलेलं नाही. माझ्याशी बोलताना तुला 'तो' म्हणतात. 'तो' कोण, हे न विचारता आम्हाला कळतं.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून मी जेवताना भिंतीकडे बघतोय.

सगळ्या विंडो डावीकडे जातात म्हणजे जागा लिहून ठेवताना आडवा आकडा चुकत असणार, उभा बरोबर येत असणार. पण मग नकाशा मोठा कसा झाला? मोठा होतो ते कोडच वेगळं आहे, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. दोन वेगवेगळे बग एकाच दिवशी एकाच घरात? आणि बंद केलेला खेळ परत सुरू होऊन स्वतःच स्वतःला बंद करायला का जाईल? माझ्याकडे मी पन्नासदा करून बघितलं, एकदाही झालं नाही. क्लासमधल्या मुलांना संगणक शिकवता शिकवता मी मध्येच गप्प झालो, तर त्यांना वाटलं मला बरं नाही.

राग मानू नकोस, पण बंद करताना तू नक्की 'हो' दाबतेस ना? झोपेत 'नाही' दाबून स्क्रीन तेवढी बंद करत असशील. आणि विंडो ओढताना माउस सुटत असेल, प्लास्टरने.

जागा लिहायचं सगळं कोड उखडून नव्याने लिहिलंय. सोबत आहे. आता हलली तर माझं नाव बदल.

खटपट्या


१७ फेब्रुवारी

खटपट्या,

नाचता येईना अंगण वाकडं! माझा हात जिथे केसाएवढा हलला तर माणसाला जेवता येत नाही, त्या हाताला तू माउस सुटतो म्हणतोस?

हलल्या. सगळ्या. डावीकडे. नाव काय ठेवू तेवढं सांग.

आणि आता तर कहर झालाय. शुक्रवारी मी तीन बोटी बंदराबाहेर ताटकळत ठेवून झोपले, कारण त्या मोठ्या मालवाहू बोटीला वळवायचं कसं ते मला कळेना. शनिवारी बघते तर तिन्ही धक्क्याला! त्या मोठीला तर उलटं आत घेतलंय, मागच्या अंगाने, इतकं सफाईदार की मी बघतच राहिले. तू दुरून माझा संगणक चालवतोयस का? थट्टा करत असशील तर सांग, कारण आई म्हणते घरात काहीतरी शिरलंय आणि मला हसू येईनासं झालंय. का तुझा खेळ आम्ही झोपल्यावर आपला आपण खेळतो?

बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. पेपर बंद केला. म्हणतात, बातम्यांत राम राहिला नाही. खरं म्हणजे एक ओळ वाचायला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लावतात आणि मध्येच चिडून घडी घालतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात आणि चौकटीला शिव्या देतात. परवा एका मुलीच्या आईने फोन केला, की व्हॅनने एका सायकलवाल्याला जवळजवळ धक्काच दिला, मुलं किंचाळली म्हणून काकांनी ब्रेक दाबला. बाबा म्हणाले, "सायकलवाला आकाशातून पडला." आम्ही हसलो. वय झालं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं आई म्हणते. चष्मेवाल्याकडे जायला बाबा तयार नाहीत.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

देवाशपथ, मी दुरून काही करत नाही. आणि माझा खेळ आपला आपण बोट लावत नाही. मोठी बोट उलटी आत घेणारं कोड मला लिहिता आलं असतं, तर मी क्लासमध्ये मुलांना फाइल कुठे ठेवायची ते शिकवत बसलो असतो का? ती बोट उलटी आत घेता येते हे तर मलाही माहीत नव्हतं. मी करून बघितलं. दोनदा बुडवली.

म्हणजे घरात कोणीतरी खेळतंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी इथे रात्रंदिवस कोड उसवतोय आणि बग तुमच्या बैठकीच्या खोलीत खुर्ची ओढून बसतोय! पण कोण? मामी? मामी टीव्हीचा रिमोटही उलटा धरतात. मामा तर माझ्या खेळाला हात लावायचे नाहीत.

पण मग डावीकडे का? खेळणाऱ्याने सगळं एका बाजूला का ढकलावं? आणि शेवटी तो प्रश्न तसाच उभा का ठेवावा? हे मला अजिबात कळत नाही. 'हो' दाबायला किती वेळ लागतो?

सोबतच्या खेळात एक छोटी सोय केलीय, मी स्वतः बग शोधताना वापरतो ती. विंडो ओढणं सोडून जिथे जिथे नुसता क्लिक पडेल तिथे लाल ठिपका उमटून राहतो. संध्याकाळी आलीस की कशालाही हात न लावता स्क्रीनचा फोटो काढून पाठव.

खटपट्या


२४ फेब्रुवारी

अरे खटपट्या,

सापडला! तुझा बग म्हणजे आमचे बाबा!

आज मुद्दाम लवकर उठले. बैठकीत दिवा नाही, फक्त स्क्रीनचा उजेड, आणि त्यात बाबा, बनियनवर, मान पुढे काढून. आवाज पूर्ण बंद केलेला. ओठ मात्र हलत होते. "ये, ये, अजून, दाब, बस्स." बोटीशी बोलत होते, गाडी मागे घेताना बोलतात तसं. मी पडद्याआड उभी राहून तोंडात पदर कोंबला. इतके दिवस मला पेपरामागून टोमणे, आणि पहाटे उठून हे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग व्हॅनची वेळ झाली, तसे ते खेळ बंद करायला गेले. आणि ही खरी मजा. तुझा प्रश्न आला आणि बाबा क्लिक करतायत, करतायत, करतायत. "आता काय झालं? अरे, बंद हो की, मुडद्या!" माउस टेबलावर आपटला. शेवटी स्क्रीनचं बटण दाबून काळोख केला, किल्ली उचलली आणि गेले. मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही.

फोटो पाठवलाय. बघ ठिपके! डाव्या बाजूला गोवर उठल्यासारखा. बिचाऱ्यांना तुझी लाडकी विंडो कळतच नाही, नाही का? 'हो' एवढं समोर लिहिलंय! येशील तेव्हा तूच शिकव त्यांना. म्हणजे आता येशीलच ना? त्यांच्याइतका तुझा खेळ कोणीच खेळत नाही. कसं विषय काढायचा ते आपण ठरवू, पण मी आज लॅबमध्ये इतकी हसले की एकाच्या सुळ्याच्या जागी दाढ बसवली.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हसू नकोस. फोटो परत उघड.

प्रश्न वर उजव्या कोपऱ्यात आहे. मामा चिडलेत, घाईत आहेत, सगळीकडे क्लिक करतायत. पण 'सगळीकडे' म्हणजे कुठे, ते बघ. मधोमध एक रेघ ओढ. रेघेच्या उजवीकडे एकही ठिपका नाही. ज्याला तो प्रश्न कळत नाही, तो निदान त्याच्यावर बोट तरी मारेल. चुकीचं बटण दाबेल. 'नाही' दाबेल. ह्यांनी तिकडे एकदाही बघितलेलं नाही. मला वाटतं, मामांना तो प्रश्न दिसतच नाही.

आता तुझीच जुनी पत्रं काढ. आरसा कुठला फुटला? उजवा. सायकलवाला आकाशातून कुठल्या बाजूला पडला ते विचार. मी पैज लावतो, आणि देव करो मी हरो. ओळ वाचायला वेळ लागतो, कारण ओळ उजवीकडे जाते. सगळ्या विंडो ते डावीकडे ओढून आणतात. मी दोन आठवडे समजत होतो माझा आकडा चुकतोय.

मी डॉक्टर नाही, खिडक्या करणारा आहे. कदाचित हे सगळं माझ्या डोक्यातलंच असेल. तसं असेल तर मला वाट्टेल ते बोल. पण धूसर दिसणं वेगळं आणि एक बाजूच नसणं वेगळं, एवढं मला कळतं. त्यांना तुझ्या नाकाकडे सरळ बघायला सांग आणि बाजूने बोट हलव. आधी डावीकडून, मग उजवीकडून. डोळा हलवू द्यायचा नाही.

आणि ताई, उद्या व्हॅन नको. काय वाटेल ते कारण काढ. मला ठाऊक आहे मी काय मागतोय. त्या व्हॅनशिवाय मामा म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नाही. हे माझ्याकडून आलं असं कळलं तर ते ह्या जन्मी माझं तोंड बघणार नाहीत. पण मागे मुलं बसलेली असतात.

खटपट्या


२५ फेब्रुवारी

तुझं पत्र वाचून आधी मला तुझा संताप आला. घरात राहायचं नाही, बापासारख्या माणसाशी दोन वर्षं बोलायचं नाही, आणि चार लाल ठिपक्यांवरून त्याला आंधळा ठरवायचा! तुला बदलाच घ्यायचा होता, असंही मनात आलं. हे लिहिते, कारण आलं होतं.

मग जेवण झाल्यावर मी बाबांना म्हटलं, लॅबमध्ये एक खेळ शिकलेय, माझ्या नाकाकडे बघा. बघितलं त्यांनी. डावीकडून बोट आणलं, म्हणाले, "दिसलं, हलतंय." मग उजवीकडून आणलं. बोट त्यांच्या कानापासून दोन वितींवर नाचत होतं. मी विचारलं, "आता हलतंय का?"

म्हणाले, "आधी बोट काढ तरी."

आई भांडी आवरत होती, ती तिथेच थांबली.

आज सकाळी पोटात दुखायचं नाटक करून मी बाबांना घरी अडकवलं. मुलांना दुसऱ्या व्हॅनवाल्या काकांनी पोचवलं. किल्ली माझ्याकडे आहे, लॅबमधून आणलेल्या मेणाच्या वड्यांच्या डब्यात. दुपारी डॉक्टरांकडे नेतेय. मला काही सुचत नाही. पुढचं लिहीन तेव्हा लिहीन.


१४ मार्च

खटपट्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं. अजून नीट कळत नाही.

डोळे ठणठणीत आहेत. बिघाड डोक्यात, मागच्या बाजूला. हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबांना गरगरलं होतं, दुपारभर पडून होते आणि आम्ही सगळ्यांनी पित्तावर ढकललं होतं. ती एक बारीक गुठळी होती. तिने दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू पुसून नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गंमत अशी की तिथे काळं काही दिसत नाही, तिथे काही नसतंच, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हेच कळत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काळोख दिसतो का? तसं. गोळ्या सुरू आहेत, दुसरी गुठळी होऊ नये म्हणून. वेळेवर आलात, असं त्या दोनदा म्हणाल्या. गेलेलं परत येईल अशी फार आशा धरू नका म्हणाल्या. गाडी कायमची बंद.

व्हॅन त्या दुसऱ्या काकांनी घेतली. ते न्यायला आले तेव्हा बाबांनी स्वतः धुऊन, पुसून दिली. उजव्या दाराचा अर्धा भाग तसाच धुळीचा राहिला. काकांनी जाताना गुपचूप रुमालाने पुसला.

बाबांनी मला फक्त एकच विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं?" मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "खटपट्याच्या." मग म्हणाले, "त्याला तिथून दिसलं?" आणि उठून आत गेले. रागाने म्हणाले की कशाने, ते मला विचारू नकोस.

पहाटे उठतात अजून. संगणकासमोरच्या खुर्चीत बसतात. पण तो लावत नाहीत.

तू येऊ नकोस अजून. किंवा ये. मला खरंच माहीत नाही.

ताई


२२ मार्च

प्रिय ताई,

मला दुसरं काही येत नाही, म्हणून जे येतं ते केलंय.

सोबत नवा खेळ. ह्यात एकही विंडो स्क्रीनच्या मधल्या रेघेपलीकडे जात नाही. सगळ्या डावीकडेच उघडतात, डावीकडेच राहतात, उजवीकडे ओढली तरी रेघेला अडून परत येतात. बंद करायचा प्रश्न आता कोपऱ्यात येत नाही, माउसचा बाण जिथे असेल तिथेच, अगदी हाताखाली येतो. अक्षरं मोठी केलीत. मामांना डोकंसुद्धा हलवावं लागणार नाही. विंडो कुठे उघडावी हे ठरवणारं माझं सगळं कोड ह्यासाठी मोडलं आणि नव्याने बांधलं. आत्तापर्यंतचं माझं सगळ्यांत चांगलं काम हेच असावं.

हे मी केलं असं त्यांना सांग. नको सांगूस. की सांग? दोन वर्षं मला वाटायचं, खेळ नीट चालला की मी ताठ मानेने त्यांच्यासमोर बसेन. आता खेळ चालतो आणि मानच वर होत नाही. ज्या खिडक्यांवरून ते माझ्यावर रुसले, त्याच खिडक्यांनी त्यांची गाडी काढून घेतली. मी बरोबर केलं हे मला माहीत आहे. तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

मला त्यांची फार आठवण येते, ताई. एवढंच खरं आहे, बाकी सगळा गोंधळ.

खटपट्या


५ एप्रिल

चि. खटपट्यास,

आशीर्वाद तूर्तास राखून ठेवलेत. आधी तक्रार ऐक.

हे पत्र मी स्वतः टाइप करतोय. ताईने स्क्रीनच्या उजव्या काठाला लाल चिकटपट्टी लावून दिलीय. ओळ वाचताना पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, पट्टी दिसली की ओळ संपली. तोवर संपली असं समजायचं नाही. त्यामुळे पत्राला दोन दिवस लागलेत, हे ध्यानात ठेवून वाच.

गाडी मी आता चालवत नाही. हे एक वाक्य लिहायला पहिली अख्खी सकाळ गेली. त्या सायकलवाल्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, तरी तो स्वप्नात येतो. न पाहिलेला चेहरा कसा काय येतो, तुझ्या इंजिनाला काही कळत असेल तर विचार. मी तुझ्यावर चिडलो होतो. मग माझ्यावर चिडलो. आता कोणावर चिडायचं ते कळत नाही, आणि चिडल्याशिवाय मला सकाळी करमत नाही.

चोरून खेळत होतो, हे खरं. तू नोकरी सोडून नक्की केलंस तरी काय, एवढंच बघायला एकदा उघडला. मग त्या मोठ्या बोटीने घात केला. तिला सरळ आत घेता येत नाही रे, तिचा मागचा भाग जड आहे. तुला माहीत नव्हतं म्हणे. स्वतःच्या बोटी स्वतः चालवून बघत जा.

आता मुख्य मुद्दा. तुझा नवा खेळ ताईने लावून दिला. सगळं डावीकडे, मोठमोठ्या अक्षरांत, हाताखाली. बघितला आणि दहा मिनिटांत बंद केला. हे तुझं चुकलंय.

दवाखान्यातल्या बाई मला रोज एकच सांगतात, तिकडे काही नाही असं वाटलं तरी तिकडे जग आहे असं धरून चाला, मान वळवा आणि बघा. वळवतो मी. पण घरात तुझी मामी वाटी डावीकडे सरकवते. ताई वळसा घालून डावीकडून येते आणि मग बोलते. शेजारीसुद्धा माझी डावी बाजू बघून नमस्कार करतात. सगळे मायेनेच करतात. आणि आता तूही, एवढ्या लांबून, माझं अर्धं जग बंद करून वर रेघ मारून दिलीस. उजवीकडे कोणी काही ठेवणारच नसेल, तर मी तिकडे बघू कशाला?

तेव्हा ती रेघ काढ. यादी उजवीकडे ठेव, ताई ठेवते तशी, काटकोनात. हवामान खाली उजवीकडे. वादळ तिकडून येऊ दे आणि मला उशिरा कळू दे, एखादी बोट बुडू दे. बुडाली की मान आपोआप वळायला लागेल. चालवायला असंच शिकलो होतो मी, कोणी गाडी सोपी करून दिली नव्हती.

खिडक्या बऱ्या केल्या आहेस. बाजारात मिळतात त्या अशा उखडून परत बसवता आल्या नसत्या, एवढं मला कळलं. झाडाचं जे बोललो ते बोललो.

घरी ये. फाटकातून आत आलास की माझ्या उजव्या बाजूने ये आणि हाक मारू नकोस. नुसता उभा राहा. मी बघेन.

आणि ती तुझी लाडकी, 'खेळ बंद करायचा?' विचारणारी, तिला होती तिथेच ठेव. वर, उजव्या कोपऱ्यात. मी शोधून काढीन तिला आणि 'नाही' म्हणेन.

मामा